अडचणीतल्या निवृत्त सिस्टरसाठी मदत कशी मिळवायची

मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, होऊन निवृत्त झाले. दरमहा पेन्शन जमा होते, त्यामुळे म्हातारपणाची धास्ती मला कधी वाटली नाही. माझ्याबरोबर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या कितीतरी मुली मात्र खासगीत गेल्या. कुणाच्या वर्षी सरकारी भरतीच निघाली नाही, कुणाच्या नवऱ्याची बदली झाली, कुणाला घरच्यांनी गाव सोडू दिलं नाही. कामाला त्या माझ्यापेक्षा कुठेही कमी नव्हत्या. वीस-पंचवीस वर्षं नाइट ड्युट्या करून, पेशंट उचलून, स्ट्रेचर ओढून त्यांच्या कंबरा आणि गुडघे गेले. आज त्यातल्या काहींकडे महिन्याच्या औषधाला पैसे नाहीत.

खासगीतल्या पगाराचं दुखणं जुनंच आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निर्देश दिले. त्यानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली पगार नसावा. ती शिफारस आली तोवर माझ्या वयाच्या बायकांची नोकरी संपत आली होती. शिल्लक पडणार कुठून?

हे मी मुख्यतः त्या सिस्टरसाठी धावपळ करणाऱ्या माणसासाठी लिहिते आहे. भाची असेल, शेजारीण असेल, जुनी सहकारी असेल. आजारी सिस्टर स्वतः अर्ज करत नाही, हे मी वारंवार पाहिलंय. आयुष्यभर तिने दुसऱ्याचं केलेलं असतं, हात पुढे करायची तिला सवय नसते. कुणीतरी बरोबर बसावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं.

आणि एक क्रम पक्का ठेवा. आधी तिच्या हक्काचा पैसा शोधायचा, मग सरकारी योजना, आणि ट्रस्टकडे सगळ्यात शेवटी जायचं. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, पहिल्याच दिवशी देवस्थानाच्या नावाने अर्ज लिहायला बसतात. ट्रस्ट साधारणपणे एकदाच देतो आणि तेही एखाद्या उपचारापुरतं. पेन्शन लहान असली तरी मरेपर्यंत येते. शिवाय ट्रस्टचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "पीएफ-पेन्शनचं काय झालं? सरकारी योजनेत बसत नाही का?" तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

आधी घरी जाऊन बघा

फोनवर विचारलंत तर "बरी आहे गं" एवढंच ऐकू येईल. एकट्याने जा. चार जणींचा घोळका घेऊन गेलात तर ती चहा करत बसेल आणि काहीच सांगणार नाही. "पैशाची अडचण आहे का?" असं विचारू नका. "बीपीला सध्या काय चालू आहे?" असं विचारा आणि स्ट्रिप हातात घ्या.

एका ताईंच्या घरी मी अशीच स्ट्रिप उचलली. प्रत्येक गोळीचा अर्धा तुकडा पुन्हा त्याच खळग्यात ठेवून वरची चंदेरी पट्टी नीट दाबलेली होती. डॉक्टरांनी रोज एक पूर्ण गोळी लिहिली होती. ताई अर्धी घेत होत्या आणि पंधरा दिवसांची स्ट्रिप महिनाभर पुरवत होत्या. आपण नर्स आहोत, अर्ध्या गोळीचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही. त्या एका पट्टीवरून घरचा हिशोब कळला.

मग बाकीचं बघा. शेवटचं प्रिस्क्रिप्शन कधीचं आहे, संडासात धरायला दांडी आहे का, लाइटचं बिल थकलंय का, रात्री सोबत कोण असतं, बँकेचं पासबुक शेवटचं कधी भरून आणलंय. सगळं वहीत लिहून ठेवा. पुढे अर्जात हेच लागतं. फोटो मात्र काढू नका. अंथरुणावरच्या बाईचा फोटो गटागटांतून फिरवून पैसे गोळा करणं मला बिलकुल पटत नाही. वॉर्डात ज्यांच्यावर तिने हुकमत गाजवली तीच माणसं तो फोटो बघणार असतात.

कागदांची पिशवी

प्रत्येक सिस्टरच्या घरी कपाटाच्या तळाशी एक प्लास्टिकची पिशवी असते. ती मागून घ्या आणि पलंगावर मोकळी करा. त्यात नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, डिप्लोमा, नेमणुकीची पत्रं, अनुभवाचे दाखले आणि पगाराच्या जुन्या स्लिपा सापडतात. स्लिप फाटकी असली तरी टाकू नका, कारण पीएफचा नंबर तिच्यावरच असतो.

नर्सच्या बाबतीत कागदांची सगळ्यात मोठी अडचण नावाची. डिप्लोमा आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, आधार आणि रेशनकार्ड सासरच्या नावाने, पीएफ खातं तिसऱ्याच स्पेलिंगने. पिशवीतले सगळे कागद एका ओळीत मांडा आणि प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशी वहीत उतरवा. फरक दिसला की आधी तोच मिटवायचा. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर बरीच कामं त्यावर होतात. नसेल तर शासकीय राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. पीएफच्या नोंदीतलं नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करायला जॉइंट डिक्लेरेशन लागतं, म्हणजे तिची आणि मालकाची दोघांची मान्यता. दवाखाना बंद पडला असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजर यांची साक्षांकित सही चालते.

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव जुळत नाही म्हणून मंजूर झालेले पैसे खात्यावर न पडता परत जातात.

पीएफ आणि पेन्शन

वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो. म्हणजे मध्यम दवाखान्यात काम केलेल्या सिस्टरचा पीएफ कापला गेलेला असण्याची शक्यता बरीच असते. "मी पीएफ काढला, आता काही उरलं नाही," असं त्या सांगतात. इथेच थांबून नीट विचारा. पीएफ वेगळा आणि पेन्शन वेगळी. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना सुरू आहे, तिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात. दहा वर्षांची नोकरी झाली असेल तर त्यातले पैसे एकरकमी काढताच येत नाहीत, त्याची पेन्शनच होते. तेव्हा पीएफ काढला असला तरी पेन्शनचा हक्क तिथेच पडून असू शकतो.

दहा वर्षं एकाच ठिकाणी झालेली असायला हवीत असं नाही. तीन दवाखाने बदलले असतील तर तिन्हीकडची नोकरी जोडता येते, फक्त मधेच पेन्शनचा भाग काढलेला नसावा. हिशोब करताना सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षं झालेल्या बाईने "थोडक्यात हुकलं" म्हणून गप्प बसू नये. ५८ पूर्ण झाल्यावर पूर्ण पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षाला चार टक्के कमी होते. अर्ज फॉर्म १०-डी वर करायचा.

आता एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. नोकरीत असतानाच कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, पुन्हा काम करणं शक्यच राहिलं नाही, तर दहा वर्षांची अट लागत नाही. ड्युटीवर असताना अर्धांगवायू झालेली किंवा मणक्याच्या दुखापतीने बसून राहिलेली सिस्टर तुमच्या ओळखीत असेल, तर तिचे त्या काळातले केसपेपर आधी शोधा.

यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, २०१४ मध्ये आला. त्याआधी नोकरी सोडलेल्यांकडे तो नसतो, फक्त जुना खातेक्रमांक असतो. तो घेऊन पीएफ कार्यालयात जायचं. जिल्ह्याजिल्ह्यांत दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" नावाचं शिबिर भरतं, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात आणि बोलणं सोपं जातं. जमलं तर सिस्टरला बरोबर न्या. नाही जमलं तर तिच्या सहीचं अधिकारपत्र आणि आधारची प्रत न्या.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. रक्कम फार लहान आहे, हे मान्य. पण अर्धी गोळी घेणाऱ्या बाईसाठी ती पूर्ण गोळी आहे.

ग्रॅच्युइटी आणि ईएसआय

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. अपंगत्वामुळे नोकरी सुटली असेल तर पाच वर्षांची अटही नाही. दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरून हिशोब. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ९,१०० असेल तर दिवसाचे ३५०, पंधरा दिवसांचे ५,२५०, आणि अठरा वर्षांचे ९४,५०० रुपये. मालकाने "आमच्याकडे ग्रॅच्युइटीची पद्धत नाही" असं सांगितलं तरी ऐकून घेऊ नका. तो कायदा आहे, त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. आधी लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपा. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन दाद कुठे मागायची ते विचारा. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण लिहून अर्ज करता येतो, आजारपण हे कारण पुरेसं खरं असतं.

पगार कमी असल्यामुळे बऱ्याच सिस्टर ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असतात आणि निवृत्तीनंतर ते कार्ड विसरून जातात. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षं विमाधारक असलेल्या व्यक्तीला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. रोजच्या बीपी-शुगरच्या औषधांसाठी यापेक्षा स्वस्त सोय मला माहीत नाही.

कामावर जडलेल्या आजाराचंही बघा. सुई टोचून हिपॅटायटिस बी झाला, वॉर्डातून टीबी लागला, तर आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत असा संसर्ग व्यवसायजन्य आजारात मोडतो. ईएसआय असेल तर अपंगत्वाचा लाभ तिथून मागायचा, नसेल तर नुकसानभरपाई मालकाकडून. त्यासाठी त्या वेळची नोंद लागते. आज नोकरीत असलेल्या मुलींना मी म्हणूनच सांगते, सुई टोचली की हात धुऊन गप्प बसू नका, घटनेची लेखी नोंद करा आणि तिची प्रत घरी ठेवा.

नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत घरोघरी पेशंट सांभाळलेल्या सिस्टरकडे यातलं बहुधा काहीच नसतं. ना पीएफ, ना ईएसआय. त्यांच्यासाठी पुढचा भाग वाचा.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काय, हे थोडक्यात सांगते. राजीनामा देऊ नका, कुणी सुचवलं तरी देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. दुसरं झेपणारं काम द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे तिच्यासाठी निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. जुन्या पेन्शनच्या नियमांत रुग्णता निवृत्तिवेतनाचीही, म्हणजे आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्त होऊन पेन्शन घेण्याचीही तरतूद आहे. दोन्हींतलं फायद्याचं कोणतं ते हिशोब करून मगच ठरवा.

दरमहा मिळणारं अनुदान

वय ६५ च्या आत असेल आणि आजार, अपंगत्व किंवा निराधारपण असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ नंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यावर येतात, दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये वाढवून २,५०० केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. ईपीएसची हजार रुपये पेन्शन वर्षाला १२,००० होते, म्हणजे ती घेणारी सिस्टरही अर्ज करू शकते. पेन्शन आहे म्हणून सेतू केंद्रावरूनच कुणी परत पाठवलं तर हा हिशोब समोर ठेवा.

यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, फार उपयोगी पडतं. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद हवी. अर्ज ऑनलाइन भरून तपासणीला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. आपली सिस्टर तिथे कशी वागते ते मी पाहिलंय. डॉक्टरसमोर ती ताठ बसते, "चालतं मला" म्हणते. तिला आदल्या दिवशी सांगा की आज खरं सांगायचं. जिना चढता येत नाही, बटण लावता येत नाही, कमोडवरून उठताना आधार लागतो, हे सगळं बोलायचं.

महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. केरळमधून विशीत आलेल्या, इथेच उभा जन्म काढलेल्या कितीतरी सिस्टर आपल्या शहरांत आहेत, मराठी आपल्यासारखीच बोलतात. लग्न केलं नाही, हॉस्टेलमध्ये राहिल्या, म्हणून रेशनकार्डच नाही. त्यांच्यासाठी जुनी मतदारयादी, बँकेचं जुनं पासबुक आणि नेमणुकीच्या पत्रांवरचे पत्ते एकत्र करून तलाठ्याकडून रहिवासाचा दाखला मिळवावा लागतो. रेशनकार्डही याच निमित्ताने काढून घ्या, दवाखान्यात ते लागणार आहे.

अर्ज तहसील कार्यालयात, मंजुरी तालुक्याच्या समितीकडे. तालुक्याच्या फेऱ्यांसाठी एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत.

दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर

सत्तरी ओलांडलेली असेल तर आज, आत्ता, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून टाका. उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. सत्तरीच्या आत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी. रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, पैसे भरायच्या आधी तिथे जायचं. भरल्यानंतर गेलात तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

आजार योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय. मुंबई-पुण्यातली कितीतरी मोठी, नावाजलेली रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहेत. त्या कायद्याच्या कलम ४१ एए प्रमाणे आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तातडीच्या वेळी आधी भरती करून घेणं बंधनकारक आहे, अनामत रकमेसाठी अडवता येत नाही.

"खाट रिकामी नाही" हे उत्तर आलं तर लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर परत एकदा यादी पाहिली जाते. तरीही नाही जमलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याच दिवशी अर्ज द्या.

ट्रस्टकडे अर्ज

आता ट्रस्ट. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखी देवस्थानं रुग्णांना वैद्यकीय मदत देतात, टाटा ट्रस्ट्सकडून वैयक्तिक वैद्यकीय साहाय्य मिळतं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, गावोगावी रोटरी आणि लायन्सचे क्लब आहेत. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासूनची संस्था. सिस्टर कधीकाळी तिची सभासद असेल तर राज्य शाखेला सभासद क्रमांकासह पत्र लिहा. मोठ्या ट्रस्टकडे स्वतः धावण्यापेक्षा रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांमार्फत गेलेला कागद लवकर हलतो, कारण कुठल्या ट्रस्टला कोणता आजार चालतो हे त्यांना तोंडपाठ असतं. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच कागद लागतात: आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक. चार संच झेरॉक्स एकदमच काढा.

पत्र मात्र प्रत्येकाला वेगळं आणि स्वतःचं हवं. "मी गरीब आहे, कृपया मदत करावी" या अर्जाने काही होत नाही. मी केसपेपर लिहावा तसा अर्ज लिहिते: कोण, काय झालं, आज काय स्थिती, काय हवं. नमुना असा:

"मी नोंदणीकृत परिचारिका असून १९८७ ते २०१३ या काळात तीन खासगी रुग्णालयांत स्टाफ नर्स म्हणून काम केले. मार्च महिन्यात मला उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. मी अविवाहित असून एकटी राहते. मला ईपीएसची दरमहा १,४०० रुपये पेन्शन मिळते. औषधांचा दरमहा खर्च २,६०० रुपये असून तो माझी भाची आणि जुन्या सहकारी मिळून भागवतात. डॉक्टरांनी सहा महिने फिजिओथेरपी सांगितली आहे, तिचे अंदाजपत्रक २१,६०० रुपये आहे. त्यापैकी ६,००० रुपयांची सोय झाली आहे. उरलेल्या १५,६०० रुपयांसाठी विनंती करते. रक्कम कृपया थेट फिजिओथेरपी केंद्राच्या नावे द्यावी."

यात तीन गोष्टी मुद्दाम लिहिल्या आहेत. मिळणारी पेन्शन लपवलेली नाही. काही भाग आपल्या माणसांनी उचलला आहे हे दिसतं. आणि पैसे तिच्या हातात न मागता केंद्राच्या नावे मागितले आहेत. विश्वस्तांना यातून दिलासा मिळतो आणि मंजुरी सोपी होते. शेवटचा परिच्छेद तिच्या कामावर लिहा, मोजक्या ओळींत: कुठल्या वॉर्डात होती, किती वर्षं लेबर रूम सांभाळली. ती मदतीला पात्र आहेच, पण ती कोण होती हेही वाचणाऱ्याला कळू दे. अर्ज पाठवण्यापूर्वी तिला वाचून दाखवा. तिला नको असलेलं एक वाक्यही त्यात राहू नये.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत लागतं, रक्कम रुग्णालयाच्या खात्यावर जाते. शस्त्रक्रिया झाल्यावर नव्हे, उपचार चालू असतानाच अर्ज करा.

आपल्या बॅचचा फंड

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला गेल्या. मधली सगळी वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, ज्यांनी त्यांना कधी चालताबोलताना पाहिलंही नव्हतं अशा मुलींनीसुद्धा. प्रत्येक आजारी सिस्टरला वॉर्ड मिळणार नाही. पण दर महिन्याला दोनशे-तीनशे रुपये बाजूला काढू शकतील अशा दहा जणी बहुतेक बॅचमध्ये निघतात.

आम्ही रोख देत नाही. तिच्या घराजवळच्या मेडिकलवाल्याशी बोलून ठेवतो, तो महिन्याची औषधं पोचवतो आणि बिल आम्हाला पाठवतो. त्यामुळे तिला कुणाकडे मागावं लागत नाही आणि पैसे दुसरीकडे वळत नाहीत. जेनेरिक चालतील का हे डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून आणली तर खर्च बराच खाली येतो. वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड विकत घेऊ नका. बहुतेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, अनामत ठेवून वापरायला देतात. पाठीला जखमा होण्याआधी एअर बेड पोचला पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपापसात वर्गणी काढणं वेगळं आणि लोकांकडून जाहीरपणे निधी गोळा करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला धर्मादाय आयुक्तांकडची नोंद लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ सी बघा. संस्था नोंदवायची हौस लगेच करू नका. दरवर्षीचं ऑडिट आणि बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलले की धर्मादाय कार्यालयात द्यायचा अर्ज) सांभाळणारी व्यक्ती असेल तरच त्या वाटेला जा.

नातेवाईक असून बघत नसतील तर

हा भाग लिहिताना जीव कळवळतो, पण लिहायला हवा. अविवाहित सिस्टरने भावांची शिक्षणं केलेली असतात, घर बांधून दिलेलं असतं, आणि शेवटी त्याच घरातली मागची खोली तिला असते. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याने मूल नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीलाही हक्क दिला आहे. तिची मालमत्ता ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा वारसाने ज्याला मिळणार आहे, त्याच्याकडून ती चरितार्थ मागू शकते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात द्यायचा, वकील लागत नाही. आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला. त्यांचा माणूस घरी येऊन समजूत घालतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. तिची इच्छा नसेल तर जबरदस्ती करू नका, निर्णय तिचा आहे.

मंजूर झाल्यावर

पेन्शन असो की निराधारचं अनुदान, दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि आजारी बाईला तीन-चार महिने कळतही नाही. ईपीएसचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. वयामुळे बोटांचे ठसे यंत्र घेत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला होतो, घरबसल्या. तुमच्या फोनमध्ये तिच्या नावाने तारीख लावून ठेवा, आठ दिवस आधीची, आणि त्या दिवशी आधार, पासबुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर घेऊन तिच्याजवळ बसून करून द्या. उजेड खिडकीकडून चेहऱ्यावर येईल असं बसवा, नाहीतर ॲप चेहरा ओळखत नाही.